कोपऱ्यातली वही

कामाच्या जागी माणसे एकमेकांशी किती बोलतात, कोणाशी बोलतात आणि कोणाला टाळतात, हे मोजण्याच्या प्रयत्नांमध्ये सर्वांत गाजलेला प्रयोग शिकागोलगतच्या सिसेरो गावात झाला. तिथल्या हॉथॉर्न कारखान्यात वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी अमेरिकेच्या टेलिफोन यंत्रणेसाठी सामान बनवत असे. १९३० च्या आधीच्या तेजीत तिथे सुमारे ४०,००० माणसे कामाला होती. नोव्हेंबर १९३१ मध्ये त्यातल्या १४ जणांना एका वेगळ्या खोलीत बसवण्यात आले, आणि खोलीच्या एका कोपऱ्यात वही घेऊन एक माणूस बसला. साडेसहा महिने त्याचे काम एवढेच होते: बघायचे, ऐकायचे आणि लिहून ठेवायचे.

या खोलीपर्यंत कंपनी आडवाटेने पोहोचली होती. १९२४ मध्ये सुरुवात झाली ती दिव्यांपासून. उजेड वाढवला तर काम वाढते का, हे पाहायचे होते. उजेड वाढवला की काम वाढे, पण कमी केल्यावरही ते म्हणावे तसे घटेना. १९२७ मध्ये रिले जोडणाऱ्या पाच मुलींना (त्यांना सुटे भाग पुरवणारी सहावी वेगळी) स्वतंत्र खोलीत हलवून विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास आणि मोबदल्याची रीत बदलून पाहिली गेली. तिथे उत्पादन चढत गेले. मात्र त्या खोलीतला निरीक्षक हळूहळू मुलींचा हितचिंतक बनला होता, त्यामुळे उत्पादन नेमके कशाने वाढले याचा वाद पुढे कित्येक दशके चालू राहिला. हार्वर्डचे एल्टन मेयो १९२८ मध्ये पहिल्यांदा कारखान्यात आले. त्याच वर्षी कामगारांच्या मुलाखतींचा मोठा उपक्रम सुरू झाला आणि दोन वर्षांत २१,००० हून अधिक जणांचे म्हणणे टिपून घेतले गेले. त्या ढिगातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा डोके वर काढत होती. कोणी किती काम करायचे हे मुकादम ठरवत नव्हता, पगाराचा तक्ताही नव्हता; ते आपापसांत ठरत होते. पण मुलाखतीत माणूस एकटा असतो. त्याच्या मित्रांमध्ये तो कसा वागतो हे पाहायचे तर मित्रांसकटच पाहायला हवे होते.

इथे मानववंशशास्त्रज्ञ लॉइड वॉर्नर यांचा सल्ला कामी आला. वॉर्नर नुकतेच उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमधील आदिवासींमध्ये राहून परतले होते. एखाद्या टोळीत कोणाचे कोणाशी नाते, कोण कोणाला काय देतो आणि काय घेतो, हे जसे पाहतात तसेच कारखान्यातल्या एका तुकडीकडे पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. कल्पना धाडसाची होती. तोवर कामगाराची मोजणी म्हणजे हातात घड्याळ धरून त्याच्या हालचालींचे सेकंद मोजणे, एवढाच अर्थ कारखानदारांना ठाऊक होता.

निवडलेली तुकडी बँक वायरिंगची होती. बँक म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधल्या स्विचचा एक भाग. एकेका बँकेवर १०० किंवा २०० टोके असत. नऊ वायरमन उभ्याने काम करत या टोकांना तारा गुंडाळत, तीन सोल्डरमन ते जोड पक्के करत आणि दोन तपासनीस ते तपासत. अहवालात कोणाचेही नाव नाही. वायरमन डब्ल्यू-१ ते डब्ल्यू-९, सोल्डरमन एस आणि तपासनीस आय. कोपऱ्यातल्या निरीक्षकाला कडक पथ्ये होती. हुकूम सोडायचा नाही, वादात आपणहून पडायचे नाही, संभाषणात जबरदस्तीने घुसायचे नाही, कानावर आलेली खासगी गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही. मुलाखती घेणारा दुसरा माणूस खोलीत पाऊलही टाकत नसे. सुरुवातीला कामगार जपून बोलत. मग वही सवयीची झाली आणि खोली मूळ स्वभावावर आली: टवाळी, पैजा, उसनवारी, भांडणे सगळे चालू.

या वहीतून मोजता येण्याजोग्या सहा गोष्टी निघाल्या: खेळ आणि पैजा, कामाची अदलाबदल, कामात मदत, खिडकी उघडी की बंद यावरून होणारी भांडणे, मैत्री आणि वैर. प्रत्येकीसाठी १४ जणांचा वेगळा नकाशा काढून कोणाची रेघ कोणाकडे जाते ते दाखवले गेले. नकाशे एकावर एक ठेवल्यावर खोली दोन कंपूंत फुटलेली दिसली. पुढच्या बाजूला कनेक्टर या प्रकारचे स्विच जोडणारे, मागच्या बाजूला सिलेक्टर हा दुसरा प्रकार जोडणारे. पगारात नाव घेण्यासारखा फरक नव्हता, तरी पुढचे स्वतःला वरचढ समजत. पुढच्या कंपूत पैजा आणि जुगार चाले. मागच्या कंपूत अदलाबदल, खिडकीचे तंटे आणि दंडावर ठोसे मारण्याचा खेळ. पुढचे कारखान्याच्या दुकानातून थोडीच पण चांगली चॉकलेटे आणत. मागचे स्वस्तातली आणत आणि भरपूर आणत, इतकी की डब्ल्यू-९ एकदा ती खाऊन आजारी पडला. कामगारांचा दर्जा चॉकलेटावरून ओळखता येईल असे त्या काळच्या कोणत्याही व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकात नव्हते.

काही जण कोणत्याच कंपूत नव्हते. डब्ल्यू-५ ने साहेबाकडे चहाडी केली होती आणि त्याला ते कधी माफ झाले नाही. डब्ल्यू-२ सर्वांत वेगाने काम करी, त्यामुळे तोही बाहेर. डब्ल्यू-६ मागच्या कंपूशी सलगी करायचा, पण त्याला पुरते आत घेतले गेले नाही. एका तपासनीसाने आपला हुद्दा मिरवला. त्याला इतके छळले गेले की अखेर त्याची बदली करावी लागली. एकच गोष्ट कंपूंच्या रेघा ओलांडून जाई, ती म्हणजे मदत. बोट दुखले, काम मागे पडले, तर कोणीही कोणाच्या बाकावर जाऊन हात लावी. आणि नेमकी हीच मदत कंपनीच्या नियमात बसत नव्हती.

खोलीचे खरे गुपित आकड्यांत होते. कंपनीने दिवसाचे लक्ष्य ७,३१२ जोड असे ठेवले होते. कामगारांच्या मनातला दिवस मात्र दोन संचांचा होता: कनेक्टरसाठी ६,६०० जोड, सिलेक्टरसाठी ६,०००. तेवढे झाले की हात आवरायचे. मोबदला सगळ्या गटाच्या उत्पादनावर ठरत असल्याने जास्त काम केले तर सर्वांचाच फायदा होता, तरीही कोणी करत नव्हते. ती मर्यादा ओलांडणारा दर मोडणारा ठरे, फार मागे राहणारा अंगचोर, साहेबाच्या कानाला लागणारा चुगलखोर. निरीक्षकाने स्वतः मोजलेले जोड आणि कामगारांनी मुकादमाला सांगितलेले जोड यांत तफावत होती. चांगल्या दिवसाचे थोडे काम मागे ठेवून ते वाईट दिवशी दाखवले जाई, त्यामुळे कागदावरची रेघ खऱ्या कामापेक्षा कितीतरी सपाट होती. चाचण्या घेतल्या तेव्हा सर्वांत कमी काम करणारा बुद्धीत पहिला आणि हाताच्या चपळाईत तिसरा आला. सर्वांत जास्त काम करणारा बुद्धीत शेवटचा.

मे १९३२ मध्ये खोली बंद झाली. निष्कर्ष निघाला म्हणून नव्हे. मंदीमुळे कामच उरले नव्हते. हार्वर्डचे फ्रिट्झ रोथलिसबर्गर आणि कंपनीचे विल्यम डिक्सन यांनी हा सगळा वृत्तान्त १९३९ मध्ये ‘मॅनेजमेंट अँड द वर्कर’ या ग्रंथात मांडला. त्यांचा कल असा की कामगारांचे वागणे हिशेबी नव्हते, तो गटाने स्वतःभोवती घातलेला कोट होता. बाहेर रोज माणसे काढली जात असताना हातातले काम पुरवून पुरवून करणे हा अगदी साधा हिशेब होता, हे त्यांनी पुरेसे लक्षात घेतले नाही. त्यांच्या नकाशांनी मात्र त्यांच्या मतापेक्षा जास्त आयुष्य काढले. जॉर्ज होमन्स यांनी १९५० च्या ‘द ह्यूमन ग्रुप’ मध्ये याच खोलीवर आपल्या सिद्धान्ताचा मोठा भाग उभा केला, आणि १९७५ मध्ये हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी याच १४ जणांच्या तक्त्यांवर माणसांचे गट संगणकाने पाडण्याची नवी पद्धत तपासून पाहिली.

हॉथॉर्नमध्ये वही भरत असतानाच न्यूयॉर्कमध्ये एक वेगळा मार्ग निघाला होता. व्हिएन्नाहून आलेले मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी माणसांकडे नुसते बघण्याऐवजी त्यांना सरळ विचारायला सुरुवात केली: तुला शेजारी कोण हवे? आधी सिंग सिंगच्या तुरुंगात आणि मग हडसन इथल्या मुलींच्या सुधारगृहात, जिथून १९३२ मध्ये दोन आठवड्यांत १४ मुली पळाल्या होत्या. ओढ दाखवायला लाल रेघ, नकार दाखवायला काळी. एप्रिल १९३३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने भावनांचा हा नवा भूगोल छापला आणि पुढच्या वर्षी मोरेनोंचे ‘हू शॅल सर्व्हाइव्ह?’ आले. कारखान्यांना हे तंत्र सोयीचे होते. साडेसहा महिने एक माणूस कोपऱ्यात बसवण्यापेक्षा एका दुपारी कागद वाटणे स्वस्त पडते. फक्त त्यातून कळते ते माणसाला कोण हवे आहे. तो प्रत्यक्षात कोणाशी बोलतो ते नाही.

तिसरा मार्ग घड्याळाचा. वॉर्नर यांचे सहकारी एलियट चॅपल यांचे मत असे की बोलण्याचा अर्थ बाजूला ठेवावा. कोणी आधी तोंड उघडले, किती वेळ बोलला, कोणी कोणाला मध्येच तोडले आणि गप्प कोण झाले एवढेच मोजावे. १९३९ च्या सुमारास त्यांनी ‘इंटरॅक्शन क्रोनोग्राफ’ नावाचे यंत्र तयार केले. निरीक्षक प्रत्येक माणसासाठी एक कळ दाबून धरायचा आणि सरकत्या कागदाच्या गुंडाळीवर बोलण्याच्या नि शांततेच्या रेघा उमटायच्या. काय बोलले गेले याची नोंद मुद्दामच नव्हती. विक्रेते निवडताना दुकानांनी या यंत्राचा वापर केला. नोकरीवर घ्यायचे की नाही हे संभाषणातल्या शांततेवरून ठरवणारे ते यंत्र पुढे फारसे टिकले नाही, पण त्यामागची कल्पना अर्ध्या शतकानंतर दुसऱ्या रूपात परत आली.

कोण आधी बोलतो यावर चॅपलइतकाच भर विल्यम फूट व्हाइट यांचाही होता. मात्र ते यंत्र न नेता शिकागोच्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत जाऊन उभे राहिले. १९४४-४५ चा युद्धाचा काळ होता. गर्दीच्या वेळी वेट्रेस रडत का सुटतात, हा मालकांच्या संघटनेचा प्रश्न होता. व्हाइट यांना दिसले ते असे: ऑर्डर वेट्रेस आणते आणि ती काउंटरमागच्या पुरुषाला सांगते. म्हणजे दर दोन मिनिटांनी कमी दर्जाची समजली जाणारी बाई वरच्या समजल्या जाणाऱ्या पुरुषाला काम सांगते. तो मग मुद्दाम उशीर लावतो, ऐकू आले नाही असे दाखवतो, आधी स्वतःच्या मर्जीतलीची ऑर्डर काढतो. उपाय अगदी साधा निघाला. आपल्याकडे जुन्या दुकानांत पावत्या ओवायला तारेचा आकडा असे, त्याच जातीची उभी टोकदार सळई काउंटरवर ठेवायची. वेट्रेस चिठ्ठी तिच्यावर टोचून जाते आणि पुरुष सवडीने चिठ्ठ्या काढतो. कोणी कोणाला हुकूम दिला हा प्रश्नच उरत नाही. अनौपचारिक संबंध मोजण्याच्या साऱ्या इतिहासात इतका स्वस्त नि इतका चोख उपाय क्वचितच निघाला असेल.

मोजणीच्या उलट टोकाला समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय होते. ते स्वतः कारखान्यात प्लास्टिक कापायच्या यंत्रावर उभे राहिले, दिवसाला बारा तास. १९५९-६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बनाना टाइम’ या लेखात त्यांनी चार माणसांच्या दिवसाचे तुकडे पाडून दाखवले. एका ठरावीक वेळी पीच खाल्ले जाई. एका वेळी एक जण दुसऱ्याच्या डब्यातले केळे पळवून आरोळी ठोकत खाई, आणि हे रोज. पळवणारा ठरलेला, ओरडणारा ठरलेला. ज्याचे केळे त्याच्या वाट्याला ते कधीच येत नसे. एक वेळ खिडकीची होती. हॉथॉर्नच्या खिडकीशी रॉय यांच्या खिडकीचा काही संबंध नाही, पण कंटाळवाण्या कामात खिडकी हा भांडणाचा हुकमी विषय असतो, एवढे दोन्हीकडून दिसते.

या परंपरेतले सर्वांत नेटके काम आफ्रिकेत झाले आणि त्यात एक बाजू भारतीयांची होती. ब्रूस कॅपफेरर हे मँचेस्टरच्या मानववंशशास्त्रीय परंपरेतले तरुण संशोधक १९६५ मध्ये झांबियातल्या काब्वे शहरात होते. झांबियाला स्वातंत्र्य मिळून वर्षही उलटले नव्हते. तिथल्या एका कपड्यांच्या कारखान्याचे मालक भारतीय वंशाचे, कामगार आफ्रिकी. कॅपफेरर यांनी शिंपी, मुख्य शिंपी, कापणारा, बटणे लावणारे, इस्त्रीवाले आणि सुताची ने-आण करणारी पोरे अशा ३९ जणांवर सुमारे दहा महिने लक्ष ठेवले. त्यांनी नाती दोन प्रकारांत विभागली. एका बाजूला गप्पा, कुचाळक्या, एकत्र बसून पिणे. दुसऱ्या बाजूला उसने पैसे, अडचणीत धावून जाणे, कामात हात लावणे. मोजणी दोनदा केली, मध्ये सात महिन्यांचे अंतर ठेवून.

पहिल्या मोजणीनंतर कामगारांनी पगारवाढीसाठी संप करायचा प्रयत्न केला आणि तो फसला. दुसऱ्या मोजणीनंतरचा संप यशस्वी झाला. ३९ माणसांत ७४१ जोड्या होऊ शकतात. पहिल्या वेळी त्यातल्या १५८ जोड्यांत गप्पागोष्टींचे नाते होते, दुसऱ्या वेळी २२३ मध्ये. मदतीची नातीही वाढली होती. कारागीर शिंपी आणि हरकाम्या पोरे यांच्यात पहिल्यांदा जो दुरावा होता तो मधल्या काळात बराच भरून निघाला होता. हॉथॉर्नची वही कंपनीने ठेवली होती आणि तिला कळायचे होते ते काम का वाढत नाही. काब्वेच्या वहीत हेच संबंध मालकाशी झुंजायची ताकद म्हणून दिसले. कॅपफेरर यांचे पुस्तक १९७२ मध्ये आले, आणि त्यातले तक्ते आजही नेटवर्क शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सरावासाठी दिले जातात. बहुतेकांना तो कारखाना कोणाचा होता याचा पत्ता नसतो.

दरम्यान कारखान्यातून लक्ष प्रयोगशाळा आणि कचेऱ्यांकडे वळले होते. एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी अभियंत्यांना आठवड्यातल्या निवडक दिवशी विचारले की आज तांत्रिक विषयावर कोणाशी बोललात. उत्तरे टेबलांमधल्या अंतराशी ताडून पाहिली तेव्हा एक वक्र रेषा मिळाली. पहिल्या काही मीटरांत ती झपाट्याने घसरते आणि ३० ते ५० मीटरांपलीकडे जवळजवळ सपाट होते. तिथून पुढे माणूस दुसऱ्या इमारतीत असला काय नि दुसऱ्या गावात असला काय, फारसा फरक नाही. १९७७ च्या पुस्तकानंतर ती ‘ॲलन कर्व्ह’ म्हणून वास्तुविशारदांच्या ओठांवर आली.

पण विचारून मिळालेल्या उत्तरांवर विश्वास किती ठेवायचा? हा प्रश्न मानववंशशास्त्रज्ञ रसेल बर्नार्ड आणि मूळचे समुद्रशास्त्रज्ञ असलेले पीटर किलवर्थ यांनी उचलला. हौशी रेडिओवाले, टेलिटाइपवर बोलणारे कर्णबधिर लोक आणि एक छोटी कचेरी, अशा ठिकाणी त्यांनी आधी प्रत्यक्ष संपर्क नोंदवले आणि मग त्याच माणसांना विचारले की तुम्ही कोणाशी किती बोललात. १९८४ मध्ये सार निघाले ते असे की लोक सांगतात त्यातले जवळजवळ निम्मे कोणत्या ना कोणत्या तऱ्हेने चुकीचे असते. तीन वर्षांनी लिंटन फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला एक उत्तर दिले. माणूस कालचे विसरतो, पण नेहमीचे विसरत नाही. त्याची चूक नेहमीच्या घडीकडे झुकते. त्याच वर्षी डेव्हिड क्रॅकहार्ट यांनी वेगळाच पवित्रा घेतला. एका कंपनीतल्या २१ व्यवस्थापकांना त्यांनी फक्त स्वतःबद्दल नव्हे, तर बाकीचे कोण कोणाकडे सल्ल्याला जातात हेही विचारले. माणसाची चुकीची कल्पनाच त्यांनी मोजायचा विषय केली.

आठवणीवरचा हा अविश्वास यंत्रांच्या पथ्यावर पडला. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत १९८९ ते १९९२ दरम्यान कर्मचारी छातीवर एक छोटा बिल्ला लावून फिरत. दर १५ सेकंदांनी तो इन्फ्रारेड इशारा पाठवी आणि कोण कोणत्या खोलीत आहे हे कळे. हेतू फक्त फोन योग्य टेबलावर जावा एवढाच होता. २००० नंतर एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये अॅलेक्स पेंटलंड यांच्या गटाने तशा बिल्ल्याला मायक्रोफोन आणि हालचाल टिपणारे उपकरण जोडले. शब्द नोंदवले जात नसत. आवाजाची चढउतार, कोण कोणासमोर उभा आणि किती वेळ, एवढेच. चॅपल यांची कळ आता कोणाला दाबावी लागत नव्हती. बिल्ल्यांवर पुढे कंपनी निघाली. एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये सर्वांची चहा-कॉफीची सुट्टी वेगवेगळी होती. ती एकाच वेळी दिल्यावर दर फोनला लागणारा सरासरी वेळ सुमारे ८ टक्क्यांनी उतरला, असा पेंटलंड यांनी २०१२ मध्ये दिलेला हिशेब आहे. रॉय यांच्या केळ्याच्या वेळेला आता रुपयांत भाव आला होता, किंबहुना डॉलरांत.

२०१८ मध्ये ईथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी हेच बिल्ले कंपन्यांची मुख्यालये खुल्या कचेरीत हलवली जात असताना वापरले. भिंती काढल्या की माणसे जास्त बोलतील, ही वास्तुविशारदांची जुनी खात्री होती. दोन बिल्ले समोरासमोर, दोघांपैकी आळीपाळीने कोणी तरी बोलत आहे आणि अंतर दहा मीटरांच्या आत, असे असले तरच त्यांनी ती भेट धरली. पहिल्या अभ्यासातल्या ५२ जणांचा समोरासमोरचा वेळ दिवसाला सरासरी ५.८ तासांवरून १.७ तासांवर आला. त्यांनी एकमेकांना पाठवलेल्या ईमेल ५६ टक्क्यांनी वाढल्या. कानात हेडफोन घालून माणसे पडद्याकडे तोंड करून बसू लागली होती. बिल्ला त्यांची शांतता दिवसभर मोजत राहिला.